नावाला शेपूट कोण लावतं

अण्णांकडे ताईचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एका सोमवारी, दुपारच्या सुट्टीत. ती हात धुऊन परत आली, तर हे गृहस्थ तिच्या टेबलाशी कमरेत वाकून तिचा स्क्रीन वाचत होते. चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकायच्या बेतात, एका हातात लहानशी वही, दुसऱ्या हातात शिसपेन्सिल. पावलं वाजली तशी त्यांनी वही मिटून सदऱ्याच्या खिशात टाकली, "काही नाही, काही नाही," म्हणाले, आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

काही नसताना जो माणूस दोनदा "काही नाही" म्हणतो त्याच्याकडे काहीतरी असतंच, असं ताईचं मत होतं.

ऑफिसात तिला मागून सगळे दोनदाताई म्हणत. कुठलंही काम पुरं झालं असं कोणी सांगितलं की तिचा पहिला प्रश्न असे, "दोनदा बघितलंत?" तिला हे नाव माहीत होतं आणि ते तिला मुळीच लागत नव्हतं. घरून निघताना ती कुलूप ओढून पाही, जिना उतरे, आणि पुन्हा वर जाऊन ओढून पाही. हा वारसा आईकडचा. आईने सत्तावीस वर्षं बसच्या डेपोत पार्सलच्या खिडकीवर काढली होती. पार्सल हातात आलं की ते आधी हलवून पाहायचं, कानाशी धरायचं, मग पावती फाडायची. माणसांच्या बाबतीतही आईची रीत हीच होती. फक्त माणसांना कानाशी धरता येत नाही, एवढंच.

ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक लांबट खोली, सहा टेबलं आणि आत जुनी यंत्रं ठेवायची एक अडगळ. खालून दिवसभर शिलाई मशीनची खडखड येई. रक्तपेढ्यांमध्ये रक्ताच्या पिशव्यांचे जे मोठे फ्रीज असतात, त्यांच्या तापमानावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम ही मंडळी बनवत. मूळ प्रोग्राम अण्णांनी बावीस वर्षांपूर्वी एकहाती लिहिलेला, जुन्या भाषेत. तो अजून चालत होता. पण त्याच्या जागी आता नवा आणायचा होता, नव्या भाषेत, आणि ते काम ताईकडे होतं. तिची सगळी उमेदीची वर्षं नव्या भाषेत गेलेली. जुनीच्या रीतीभाती तिला ऐकून माहीत, लांबच्या नातेवाइकांसारख्या.

अण्णा तसे निवृत्त झालेले. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर आणि शेजाऱ्यांची दारावरची घंटा उघडून ठेवली, तेव्हा त्यांच्या बायकोनेच मालकांना फोन केला म्हणे, "यांना परत घ्या, नाहीतर उद्या मलाही उघडून बघतील." तेव्हापासून ते सहा सहा महिन्यांच्या कराराच्या कागदावर येत. आठवड्यातून तीन दिवस. आताचा कागद महिनाअखेर संपत होता आणि नवा मालकांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता. हे ताईला ठाऊक होतं, कारण मागच्याच आठवड्यात चहाच्या वेळी अण्णा मालकांना म्हणाले ते तिने स्वतः ऐकलं होतं.

"जुना बंद होईल त्या दिवसापर्यंत ठेवा मला. बाकी काही मागत नाही. त्या दिवशी मीच बंद करतो आणि मीच घरी जातो."

तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. त्या सोमवारी संध्याकाळी मात्र त्याच वाक्याला वेगळा वास येऊ लागला.

झालं होतं ते असं. स्क्रीनवरच्या प्रत्येक विंडोकडे सतत निरोप येत असतात. माउस हलला, बटण दाबलं, विंडो झाकली गेली, जे घडेल त्याचा निरोप. फ्रीज तापला की अण्णांच्या जुन्या भागातून असाच एक निरोप निघे, आणि तो नव्या प्रोग्रामने पकडून नर्सला दाखवायचा होता. त्या निरोपाला एक ठरलेला आकडा होता, आणि तो अण्णांच्या एका जुन्या फाइलमध्ये होता. सोमवारी सकाळी ताईने ती फाइल आपल्या कामाला जोडली, आकडा मिळाला, काम पुढे गेलं. निरोप हातात घेणाऱ्या कोडच्या तुकड्याला तिने साधं सरळ नाव दिलेलं होतं, गेटमेसेज. शुक्रवारपर्यंत ते बिनबोभाट चाललं होतं.

सोमवारी दुपारी, अण्णा टेबलाजवळून निघून गेल्यावर, प्रोग्रामचा दुसरा भाग म्हणू लागला की गेटमेसेज नावाचं इथे कोणी नाही.

ताईने आपली फाइल उघडली. नाव जागच्या जागी होतं. तिने शुक्रवारची प्रत काढून शेजारी लावली. त्या ठिकाणी एका अक्षराचा फरक नव्हता. मग लिहिलेल्या कोडवरून तयार झालेल्या प्रोग्रामच्या पोटात डोकावायचं एक साधन असतं, ते तिने लावलं. तिथे तिच्या तुकड्याचं नाव होतं गेटमेसेजडब्ल्यू.

शेवटचा डब्ल्यू तिने लिहिलेला नव्हता. लिहिलेल्या कागदावर तो नव्हता, छापून आलेल्यावर होता. म्हणजे मधल्या मध्ये कोणीतरी लावत होतं आणि माग राहू नये म्हणून पुन्हा काढून ठेवत होतं.

तिने अण्णांचा जुना कोड उघडून पाहिला. पानोपानी तेच शेपूट. गेटमेसेजडब्ल्यू, सेंडमेसेजडब्ल्यू. बाकी जग सरळ नावं लिहितं, हा माणूस प्रत्येक नावाला डब्ल्यू लावतो. चोराने भिंतीवर सही करून जावं तसं.

आणि कारणही समोर होतं. नवा प्रोग्राम अडला की जुना बंद होत नाही. जुना बंद झाला नाही की अण्णांना घरी जावं लागत नाही.

घरी तिने आईला सांगितलं.

"गोड बोलतो का माणूस?" आईने विचारलं.

"बोलतच नाही फारसा."

"मग जास्त जप. गोड बोलणाऱ्याचं निदान ऐकू तरी येतं."

"पण आई, पुरावा नाही."

"पार्सलमधून टिकटिक ऐकू आली तर मी पुराव्यासाठी थांबत नसे."

"कितीदा आली होती टिकटिक?"

"एकदा. गजराचं घड्याळ निघालं," आई म्हणाली. "पण ते नंतर कळलं."

मंगळवारी ताई अर्धा तास आधी आली. तिने पासवर्ड बदलला. पाणी प्यायला उठली तरी स्क्रीनला कुलूप घालू लागली. कीबोर्डवर एक केस आडवा टाकून जेवायला गेली. परत आली तर तो नव्हता, पण पंखा चालू होता, तेव्हा तो पुरावा तिने स्वतःच बाद केला. अण्णा दिवसभर आपल्या जागेवर होते. दोनदा त्यांनी तिच्या टेबलाकडे मान वळवली. तिसऱ्यांदा वळवली तेव्हा तिची नजर आधीच तिथे होती. ते ओशाळून खिडकीबाहेर बघू लागले. एरवी अण्णांसकट सगळ्यांचे डबे एकाच टेबलावर उघडत. त्या दिवशी तिने आपला डबा घेतला आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली.

शेपूट कायम होतं.

बुधवारी अण्णा येत नसत. तिने मोठ्या आशेने प्रोग्राम पुन्हा तयार केला. शेपूट होतंच. सरळ मनाच्या माणसाचा संशय इथे गळून पडला असता. ताईने विचार केला, घरूनही करता येतं. त्यांच्याकडे बाहेरून आत शिरायची परवानगी आहे. संशयाचं असंच असतं. त्याला पुरावा मिळाला नाही तर तो उपाशी राहत नाही, दुसरं काहीतरी खातो.

गुरुवारी मालकांनी तिला आत बोलावलं. मालक मोठे सज्जन; फक्त कुठलाही निर्णय त्यांना स्वतःच्या डोक्यावर नको असे. समोर अण्णांचा कागद होता.

"तुझं काम त्यांच्याशी. ठेवायचं का अजून सहा महिने?"

ताईने कागदाकडे पाहिलं.

"बोल ना. हो म्हण की सही केली."

"सध्या नका करू," ती म्हणाली. "माझ्या कोडमध्ये कोणीतरी हात घालतंय."

"अण्णा?"

"मी नाव घेत नाही."

"नाव न घेता तू खिडकीकडे बघतेस," मालक म्हणाले. त्यांनी पेनचं टोपण लावून ठेवलं. संध्याकाळी त्यांनी अण्णांची बाहेरून शिरायची परवानगी बंद केली आणि त्यांना फोन करून सांगितलं, सोमवारी येऊ नका, कागदाचं नंतर बघू.

शुक्रवारी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. वाट पूर्ण बंद होती. ताईने प्रोग्राम तयार केला, पोटात डोकावली. गेटमेसेजडब्ल्यू.

खाली शिंप्याने मशीन थांबवलं, पुन्हा सुरू केलं. बारा वर्षांच्या नोकरीत आपण कोणाचं नुकसान केलेलं नाही, असा तिचा समज होता, आणि तो बरोबरही होता, कालपर्यंत.

जुन्या भाषेतलं विचारावं असं एकच माणूस तिला माहीत होतं. शनिवारी सकाळी तिने सगळा कोड छापून घेतला आणि अण्णांच्या घरी गेली. ऑफिसपासून चालत दहा मिनिटं, तिसरा मजला. दार साखळीइतकंच उघडलं. फटीतून काकूंचा एक डोळा दिसला.

"कोण?"

"ऑफिसमधून आलेय."

"ऑफिसमधून फोन आला तेवढा पुरला आम्हाला."

"अण्णांना एक विचारायचं होतं."

"फोनच्या आधी विचारायचं होतंत. तुम्हीच का त्या, सगळं दोनदा बघणाऱ्या?" काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग साखळी काढली. "या. चहा एकदाच करणार आहे."

दोन खोल्यांचं घर. टेबलावर घड्याळ दुरुस्तीची हत्यारं ओळीने लावलेली, आणि त्यांच्या शेजारी ती लहानशी वही, उघडी. ताईची नजर गेलीच. पानावर शिसपेन्सिलीने तिच्याच कोडमधल्या ओळी उतरवलेल्या होत्या, आणि समासात बारीक अक्षरात प्रश्न. "हे का?" "इथे जागा मोकळी कोण करतं?" "विचारावं?"

अण्णा बाहेर आले, त्यांनी वहीवर हात ठेवला.

"नवी भाषा शिकतोय," ते म्हणाले. "तुमचा कोड नीटनेटका असतो. माझ्या मुलीच्या वयाच्या माणसाला विचारायची लाज वाटली. म्हणून उतरवून घेत होतो."

ताईने कागद पुढे केले. अण्णांनी पट्टी घेतली, ती ओळीखाली धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचू लागले, शाळेत पेपर तपासावा तसे. पहिल्याच पानावर पट्टी थांबली.

"माझी ही फाइल तुम्ही कधी जोडलीत?"

"सोमवारी. सकाळी."

"आणि नाव कधी बदलू लागलं?"

"सोमवारी," ताई म्हणाली. "दुपारी." आणि हे म्हणतानाच तिला आपली दुपार आणि आपली सकाळ एकाच दिवसात होती हे पहिल्यांदा दिसलं.

"असं बघा," अण्णा म्हणाले. "कचेरीत एक कारकून आहे. त्याला वरून हुकूम आहे, कुठल्याही कागदावर 'मोठे साहेब' दिसलं की खोडून 'मोठे साहेब, दुसरा मजला' करायचं. कागद कोणाचा, साहेब कुठल्या खात्याचे, तो विचारत नाही. कागद पुढे जातो तो त्याने बदललेला. तुमच्या कपाटातली प्रत तशीच राहते. तुम्ही प्रत बघता आणि म्हणता, मी तर बरोबर लिहिलं होतं."

"हा कारकून कुठून आला?"

"माझ्या फाइलबरोबर. मी त्यात सिस्टिमची सगळ्यात मोठी फाइल आणून ठेवली आहे, कारण तेव्हा मला प्रत्येक ठिकाणी ती लागायची. तिच्यात असे शेकडो हुकूम आहेत. आम्ही त्यांना मॅक्रो म्हणतो. त्या काळी एकाच कामाच्या दोन जाती होत्या, एक थोड्या अक्षरांसाठी, एक जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी. गेटमेसेज लिहिलं की हा मागे डब्ल्यू लावून दुसऱ्या जातीकडे पाठवतो. तुमचा गेटमेसेज वेगळा, सिस्टिमचा वेगळा. पण त्याला दोन्ही सारखेच. नाव दिसलं की शेपूट."

"पण तुम्ही तर सगळीकडे स्वतःच डब्ल्यू लावलाय."

"एकदा त्याने मलाही असंच फसवलं होतं. तेव्हापासून मी त्याला लावूच देत नाही, आधीच लावून टाकतो. विश्वास नाही माझा त्याच्यावर."

ताई कसंनुसं हसली. संशयाच्या बाबतीत हा माणूस तिच्या घराण्यातला निघाला होता, फक्त त्याने तो योग्य जागी ठेवला होता.

"उपाय सोपा आहे," अण्णा पुढे म्हणाले. "फाइल जोडल्याच्या लगेच खाली एक ओळ लिहा, या नावापुरता हुकूम रद्द. वर लिहून उपयोग नाही. आधी कितीही बजावलंत तरी तो नंतर आत येणार आणि हुकूम लावणारच. आणि एक लक्षात ठेवा, त्या ओळीच्या खाली कुठे सिस्टिमचंच गेटमेसेज हवं असेल तर शेपटासकट पूर्ण नाव लिहावं लागेल. पण मला विचाराल तर ती फाइलच जोडू नका. तुम्हाला हवाय एक आकडा. तेवढाच वेगळ्या छोट्या फाइलमध्ये काढून घ्या. एका चिमटीसाठी पोतं कशाला आणायचं घरात?"

काकूंनी चहा ठेवला. ताईने कप उचलला नाही.

"अण्णा, मालकांना मी सांगितलं होतं."

"कळलं मला," अण्णा म्हणाले. "मालकांनी नाव सांगितलं नाही. पण मंगळवारी तुम्ही डबा उचलून पलीकडे गेलात, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे."

"माझी चूक झाली."

अण्णांनी पट्टी टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. "तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, असं म्हणावंसं वाटतंय," ते म्हणाले. "चांगलं दिसेल म्हणायला. पण नसतं केलं. आधी तुम्हाला येऊन विचारलं असतं."

आतून काकू म्हणाल्या, "स्वतः मात्र महिनाभर विचारायला लाजत होते."

"तू चहा बघ."

"चहा झाला. आता तुम्हालाच बघतेय."

कोणी हसलं नाही, पण ताईने कप उचलला.

सोमवारी ती मालकांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"गुरुवारी नको होते. शनिवारी तू त्यांच्या घरी जाऊन आलीस. आज हवेत. काय सांगितलं त्यांनी तुला घरी?"

टिकटिक आता तिच्यातून ऐकू येत होती, आणि ऐकणारा पुराव्यासाठी थांबणार नव्हता.

"तुम्ही माझं ऐकू नका," ती म्हणाली. "या आणि बघा."

तिने मालकांना आपल्या खुर्चीत बसवलं. अण्णा ऑफिसात नव्हते, त्यांची वाट बंद होती, आणि बटण मालकांनीच दाबायचं होतं. फाइल जोडलेली: शेपूट. फाइल काढली, आकडा हाताने लिहिला: शेपूट नाही. पुन्हा जोडली: शेपूट. जोडून खाली रद्द करणारी ओळ लिहिली: नाही. ओळ उचलून फाइलच्या वर नेली: शेपूट हजर.

मालकांनी पाचही वेळा चष्मा पुसून पाहिलं.

"पुन्हा एकदा करू," ते म्हणाले.

"दोनदा करू," शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, आणि ताईने त्या दिशेला पाहिलंही नाही. दुसरा फेराही तसाच निघाला.

मालकांनी पेनचं टोपण काढलं, पण लगेच सही केली नाही. "मी फोन करतो," म्हणाले, "पण ते येतील का? मी असतो तर आलो नसतो."

"फोन मी करते," ताई म्हणाली.

फोन काकूंनी उचलला, मग अण्णा आले. येईन म्हणाले. एक अट घातली. ती ताईने कागदाच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहिली आणि मालकांनी तिच्याखाली सही केली.

जुना प्रोग्राम अजून दोन रक्तपेढ्यांमध्ये चालू आहे. अण्णा सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी येतात. अटीप्रमाणे त्यांना अडगळ आवरून आतली लहान खोली दिली आहे. तिचं दार ते लावत नाहीत, पण दुपारी जेवायला ते घरी जातात.